नवरात्रीचे रंग पापणीवर: ठळक आय मेकअप नीट बसावा म्हणून

साडी त्या दिवसाच्या रंगाची, टिकली-बांगड्याही जुळवलेल्या आणि डोळ्यांवर मात्र नेहमीची तपकिरी आयशॅडो, असे नवरात्रीत पुष्कळदा होते. निळा किंवा पिवळा रंग हौसेने घरी आणलेला असतो. पण लावल्यावर तो मळकट दिसतो, पापणीच्या घडीत गोळा होतो आणि गरबा सुरू होऊन तास होत नाही तोच गालावर उतरतो. मग ‘मला हे रंग शोभतच नाहीत’ असे ठरवून डबी कपाटात जाते. हे ठरवणे बहुतेक वेळा चुकीचे असते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर भडक रंग फार सुंदर उठतात. गडबड असते ती रंगाखालच्या तयारीत, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

पापणीची तयारी

आपल्याकडे बहुतेकींच्या पापण्या चेहऱ्यापेक्षा गडद असतात, त्यात तपकिरी किंवा जांभळट झाक असते. आयशॅडोचा थर पातळ असतो, त्यामुळे ही झाक त्यातून वर दिसते. उघड्या पिवळसर पापणीवर निळा लावला की तो हिरवट होतो, गुलाबी लावला की विटकरी दिसतो. त्यावर आणखी रंग चढवून उपयोग होत नाही. भुकटी जास्त झाली की ती धरत नाही, नुसती खाली सांडते.

पापणी स्वच्छ आणि कोरडी करा. तिच्यावर क्रीम किंवा सनस्क्रीन लावले असेल तर १० मिनिटे थांबा आणि टिश्यूने टिपून घ्या. मग दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा आय प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) पुरतो. तो बोटाने थापून लावा, चोळू नका. मिनिटभराने त्यावर त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरचा (काळसरपणा झाकणाऱ्या क्रीमचा) पातळ थर द्या, प्रत्येक पापणीला अर्ध्या दाण्याएवढा. पापणी फारच काळसर असेल तर कन्सीलरआधी नारंगी करेक्टरचा अगदी पुसट थर द्या, कारण निळसर-जांभळी झाक नारंगीने मावळते. आयशॅडो घडीत गोळा होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हा पायाच जाड झालेला असणे. आरशात खाली बघून पापणी ताणा. कन्सीलरची रेघ दिसली तर बोटाने टिपून काढा.

आता पावडरबद्दल, कारण इथे जवळजवळ सगळे फसतात. पूर्ण पापणीवर पावडर लावली तर रंग फिका पडतो. अजिबात लावली नाही तर रंग जिथे टेकला तिथेच डाग धरतो आणि पसरत नाही. म्हणून घडीपासून भुवईपर्यंतच्या भागावर त्वचेच्या रंगाची पावडर हलकेच लावा, तिथे रंग विरघळवायचा आहे. घडीच्या खालचा भाग किंचित चिकट राहू द्या, तिथे रंग घट्ट बसायला हवा.

भुवयांचे थ्रेडिंग दोन दिवस आधी उरका. त्याच दिवशी केले तर सोललेल्या त्वचेवर प्रायमर झोंबतो आणि लाल पुरळ उठते.

रंग लावताना

चेहऱ्याचे फाउंडेशन नंतर, डोळे आधी. गडद रंग लावताना थोडी भुकटी गालावर सांडणारच. फाउंडेशन नसेल तर ती कापसाने पुसता येते, असेल तर डाग पसरतो.

ब्रश तीन पुरतात: रंग दाबून लावायला चपटा, कडा विरवायला मऊ फुगीर आणि खालच्या कडेसाठी बारीक टोकाचा. आधी साडीच्या रंगाची थोडी फिकी किंवा शेजारची छटा फुगीर ब्रशने घडीच्या किंचित वर लावा. डोळे उघडे ठेवून, समोर सरळ बघत लावा. ज्यांची पापणी उघडल्यावर घडीत लपते त्यांनी डोळा मिटून रंग लावला तर सगळी मेहनत झाकली जाते. मग मुख्य रंग चपट्या ब्रशवर घ्या, ब्रश डबीच्या काठावर एकदा झटका आणि पापणीवर दाबत लावा. दाबल्याने रंग बसतो, घासल्याने खालचा कन्सीलर उचलला जातो आणि मध्येच टक्कल पडल्यासारखी जागा दिसते. तशी जागा दिसलीच तर तिथे बोटाने अगदी थोडा कन्सीलर थापा, अर्धा मिनिट थांबा आणि रंग पुन्हा दाबा.

शेवटी स्वच्छ फुगीर ब्रश, त्यावर कोणताही रंग न घेता, कडेवर लहान गोलाकार फिरवा. कडा विरली की हात थांबवा. ब्लेंडिंग जास्त झाले की दोन सुंदर रंगांचा एक राखट पट्टा होतो.

दोन रंग एकत्र घ्यायचे असतील तर कोणते एकमेकांत मिसळतील ते आधी बघा. गुलाबी-नारंगी, पिवळा-हिरवा, निळा-जांभळा हे शेजारी आहेत, मिसळले तरी छान दिसतात. निळा-नारंगी, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा हे समोरासमोरचे रंग. मिसळले की मातकट होतात. पण शेजारी न मिसळता ठेवले तर हेच सगळ्यात जोरदार दिसतात: पापणीवर नारंगी आणि खालच्या कडेला निळ्या पेन्सिलीची रेघ. प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्रश नसेल तर मधे ब्रश कोरड्या टॉवेलवर पुसत जा.

एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळू नका. प्रत्येक पायरी दोन्ही डोळ्यांना करून मगच पुढे जा, नाहीतर दोन डोळे जुळत नाहीत आणि जुळवता जुळवता दोन्ही भुवईपर्यंत पोचतात. शिवाय काम संपण्याआधी एकदा खिडकीपाशी जाऊन बघा. पिवळ्या दिव्याखाली निळा-जांभळा मंद आणि नारंगी प्रखर दिसतो, त्यामुळे बाथरूमच्या आरशात जे पुरेसे वाटते ते बाहेर तसे नसते.

वारांप्रमाणे रंग, आणि प्रत्येकाची खोड

नवरात्रीचे रंग वाराला बांधलेले असतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारंगी. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी किंवा जांभळा येतो.

सुरुवात करायची तर नारंगीपासून करा. सावळ्या-गव्हाळ त्वचेत तो रंग मुळातच असतो, त्यामुळे कडा आपोआप विरतात आणि चूक दिसत नाही. गुलाबीही सोपा आहे, पण पापण्यांवर काही काळ डाग सोडतो.

निळ्याला त्वचेच्या रंगाचा कन्सीलर पुरतो. आणखी खोली हवी तर आधी निळी पेन्सिल फिरवून बोटाने पसरा आणि वरून निळी आयशॅडो दाबा. पिवळ्याला मात्र पांढरा पाया लागतोच, कारण पिवळा बराच पारदर्शक असतो. पांढरी पेन्सिल पातळ फिरवा आणि फक्त पापणीच्या मध्यापर्यंत. पांढरे वरपर्यंत गेले तर कडेला खडूसारखा पट्टा उमटतो.

मॅट, म्हणजे चमक नसलेला, हिरवा आणि मॅट जांभळा हे दोन्ही हट्टी रंग आहेत, एका थरात सारखे कधीच बसत नाहीत. एक पातळ थर, मग दुसरा, दोन्ही दाबून. जांभळ्याखाली गुलाबी क्रीम लावले तर तो लवकर बसतो.

लाल रंगाला आम्ही जरा जपून लावायला सांगतो. तो पापण्यांच्या केसांना थेट भिडला की डोळे आल्यासारखे दिसतात. लाल आणि डोळा यांच्यामध्ये काळ्या किंवा गडद तपकिरी लायनरची रेघ हवी, दोन मिलिमीटरही पुरे. पापणीवर लाल लावायचाच नसेल तर मंगळवारी डोळे साधे ठेवून ओठ लाल करा. निळसर झाकेच्या लालने दात पांढरे दिसतात, केशरी लालने थोडे पिवळे. आधी बाम लावा, १० मिनिटांनी पुसा, लिप पेन्सिलने कड आणि आतला भाग भरा, लिपस्टिक लावा, टिश्यूने टिपा, पुन्हा लावा. लिक्विड मॅट लिपस्टिक असेल तर वाळलेल्या थरावर दुसरा थर देऊ नका. तो भेगाळतो.

राखाडी आणि पांढरा मॅटमध्ये घेतले तर सावळ्या चेहऱ्यावर थकवा आल्यासारखे दिसते. काळी पेन्सिल पसरून त्यावर चंदेरी शिमर बोटाने दाबा. राखाडीला धार येते. पांढऱ्या दिवशी मोतिया शिमर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात आणि पापणीच्या मध्यावर एवढाच लावा, बाकी काळे लायनर.

मोरपंखी सगळ्यांत देखणा, आणि त्याचे गुपित काळ्या पायात आहे. रंग पालटणाऱ्या ड्युओक्रोम आयशॅडोत टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप दिलेला अभ्रक असतो. त्यातला बदलता रंग प्रकाशाच्या परावर्तनातून तयार होतो. खाली पांढरे असेल तर तिथून उसळणाऱ्या प्रकाशात तो रंग हरवतो. काळ्या किंवा गडद निळ्या क्रीमवर तीच पूड मोराच्या पिसासारखी निळी-हिरवी झळकते. ब्रश नको, बोटच वापरा.

घाम आणि गर्दी

ऑक्टोबरचा उकाडा आणि तीन तास गरबा, म्हणजे डोळ्यांखाली घाम येणार. काजळात मेण आणि तेल असते, अंगाच्या उष्णतेने ते मऊ होऊन खाली उतरते. काजळ लावल्यावर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने वरून दाबा, बराच फरक पडतो. पाण्याने लावायचे रंगीत केक लायनर दिसायला झकास, पण घामात टिकत नाहीत. घरच्या आरतीला वापरा, मैदानावर वॉटरप्रूफ जेल किंवा पेन्सिल. मेकअप पक्का करणारा सेटिंग स्प्रे २० ते २५ सेंटिमीटरवरून, डोळे मिटून, आणि पूर्ण वाळेपर्यंत डोळे उघडू नका. घाम आला तर रुमालाने टिपा, पुसू नका.

फोटो फ्लॅशने निघणार असतील तर डोळ्यांखाली सिलिकाची पांढरी पावडर जाड लावू नका. साध्या उजेडात ती दिसत नाही, फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके उमटतात.

डबीवर काय वाचावे

भारतात बनलेल्या वस्तूवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी हवी. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. आमच्याकडून घेतलेल्या मालावरही हे तपासा. रंगद्रव्ये ‘सीआय’ (कलर इंडेक्स) आणि पाच आकडे अशी लिहितात: ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे लोहाचे लाल, पिवळे, काळे ऑक्साइड, ७७००७ निळे अल्ट्रामरीन, ७७७४२ जांभळे मँगनीज व्हायोलेट. ७५४७० म्हणजे कार्माइन. ते कोशिनील किड्यांपासून बनते, म्हणून उपवासात किंवा एरवीही ते टाळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नियॉन पॅलेटच्या मागे पुष्कळदा ‘डोळ्यांच्या भागासाठी नाही’ असे बारीक अक्षरात छापलेले असते. ते वाचा आणि पाळा. ओठांची लाल लिपस्टिक पापणीवर लावू नका, ओठांना चालणारे सगळे लाल रंग डोळ्यांना चालतात असे नाही. कुंकू, गुलाल, रांगोळीचा रंग तर मुळीच नको. सजावटीची चमकीही नको: तिच्या कडा धारदार असतात आणि बुबुळावर ओरखडा उठू शकतो. डोळ्यांसाठीचीच चमकी घ्या, तीही चिकट बेसवर आणि आतल्या कडेपासून दूर.

नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. अष्टमीच्या संध्याकाळी पहिल्यांदा डबी उघडायची नाही.

उतरवताना

कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपआधी घालतात आणि मेकअप उतरवण्याआधी काढतात. क्लिन्झिंग ऑइल किंवा दोन थरांचा रिमूव्हर कापसावर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर ३० सेकंद नुसता ठेवा, मग खालच्या दिशेने एकदाच ओढा. वॉटरप्रूफ रंग तेलातच सुटतो, फेसवॉशने घासत बसलात तर केस तुटतात आणि पापणी आणखी काळवंडते. नंतर सौम्य फेसवॉश. गुलाबी-लाल रंगाचा पुसट डाग राहिला तर चोळू नका, तो एक-दोन दिवसांत आपोआप जातो.

ब्रश साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन आडवे वाळवा. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरून गोंद सुटतो. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाका. काजळ आणि मस्कारा मैत्रिणीला देऊ नका, बहिणीलाही नाही. डोळे आलेले असताना किंवा रांजणवाडी असताना मेकअप करू नका, आणि त्या दिवसांत डोळ्याला लागलेले काजळ, मस्कारा व लिक्विड लायनर बरे झाल्यावर पुन्हा वापरू नका.