थायरॉईडच्या गाठींचे प्रतिपिंड-चिन्हकांनी निदान

थायरॉईडच्या (अवटू ग्रंथीच्या) गाठीतील पेशी कोणती प्रथिने बनवतात हे ठरावीक प्रतिपिंडांच्या (विशिष्ट प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूंच्या) साहाय्याने पाहून गाठ ओळखण्याची पद्धत. प्रयोगशाळेत तिला नुसते ‘आयएचसी’ (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) म्हणतात. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो. केंद्रके निळी दिसतात.

या पद्धतीची गरज मुख्यतः फॉलिक्युलर (थायरॉईडचे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींत भासते. साधा अ‍ॅडिनोमा (कर्करोग नसलेली गाठ) आणि फॉलिक्युलर कर्करोग यांच्या पेशी सारख्याच दिसतात. गाठीने आपले कवच भेदले आहे का, ती रक्तवाहिनीत शिरली आहे का, यावरच निदान ठरते आणि ते सुईने काढलेल्या पेशींत दिसत नाही. पॅपिलरी या थायरॉईडच्या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगाची केंद्रके फिकट, खाचा पडलेली असतात. ही लक्षणे अर्धवट असली की एचबीएमई-१, गॅलेक्टिन-३ आणि सायटोकेराटिन-१९ या तिन्ही चिन्हकांची प्रतिपिंडे एकत्र लावतात. यांतील एकट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. हाशिमोटोच्या थायरॉईडदाहात (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते त्या आजारात) कर्करोग नसतानाही सायटोकेराटिन-१९ आणि गॅलेक्टिन-३ रंगू शकतात. तिन्ही ठळक रंगले तर संशय बळावतो, पण अ‍ॅडिनोमा की कर्करोग याचा निवाडा कवचाकडे पाहूनच करावा लागतो. व्हीई१ हे प्रतिपिंड बीआरएएफ प्रथिनातील व्ही६००ई हा बदल दाखवते. पॅपिलरी कर्करोगात तो पुष्कळदा सापडतो. मात्र तो नसला म्हणून कर्करोग नाही असे होत नाही.

मेड्युलरी कर्करोगात मात्र प्रतिपिंडांचे खरे मोल कळते. हा कर्करोग सी-पेशींपासून (थायरॉईडमधील कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींपासून) होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो इतर अनेक गाठींची रूपे घेतो: कुठे गोल पेशींचे पुंजके, कुठे लांबट तर्कूसारख्या पेशी. अशा स्लाइडवर कॅल्सिटोनिन तपकिरी उमटले आणि थायरोग्लोब्युलिन (फॉलिक्युलर पेशींचे प्रथिन) कोरे राहिले की गाठीचे मूळ स्पष्ट होते. उपचारही तिथेच बदलतात, कारण सी-पेशी आयोडीन शोषत नाहीत. किरणोत्सारी आयोडीनचा इथे उपयोग नाही. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत हा आजार आनुवंशिक असतो. म्हणून रुग्णाची, त्यास कारणीभूत असलेल्या आरईटी जनुकाची चाचणी करतात आणि दोष सापडला तर भावंडांची व मुलांचीही.