चहाडखोराचे तोंड बांधणारा कागद

हाँगकाँगमध्ये कॉझवे बे आणि वान चायच्या मधोमध कॅनॉल रोडचा उड्डाणपूल आहे. मार्चच्या ५-६ तारखेला त्याच्याखाली रांग लागते. बुटक्या स्टुलांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका विटेवर कागदी माणूस ठेवून त्याला जुन्या चपलेने झोडपतात, पार चिंध्या होईपर्यंत. शत्रूचे नाव सांगता येते, ठाऊक नसले तरी अडत नाही. साहेबाने गांजलेले, सहकाऱ्याने ज्यांच्याविरुद्ध कान भरले असे नोकरदारही गिऱ्हाइकांत असतात.

कँटनीजमध्ये याला 'दा सिउ यान' म्हणतात, म्हणजे 'क्षुद्र माणसाला बडवणे'. जुन्या चिनीत 'सिउ यान', म्हणजे क्षुद्र माणूस, हा शब्द साध्या रयतेसाठी होता. कन्फ्यूशियसच्या वचनांत तो सज्जनाच्या विरुद्ध टोकाला गेला, कोत्या मनाचा ठरला. लोकांच्या तोंडी तो आज पाठीमागे काड्या घालणाऱ्या कुणालाही लागतो.

दिवस ठरलेला आहे तो जिंगझचा, चिनी पंचांगातल्या वर्षाच्या २४ सौर टप्प्यांपैकी तिसरा. वसंताच्या गडगडाटाने जमिनीतले किडे जागे होतात, आणि लोकसमजुतीनुसार भांडणे लावणारा पांढरा वाघही. म्हणून कागदी वाघाच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात: पोट भरले की चावणार नाही, ओठ माखले की वाईट बोलणार नाही. माणसाला चप्पल, वाघाला लाच!

कागदी ताईत याहून कितीतरी जुने. इ.स. १४२ मध्ये सिचुआनात झांग दाओलिंगला साक्षात्कार झाला, असे ताओ परंपरा मानते; त्याच्या पंथात मंतरलेल्या कागदाला मोठे स्थान होते. पिवळ्या कागदावर हिंगुळाच्या लाल शाईने अक्षरे काढतात. शेवटी बरेचदा येते 'जीजी रू ल्यूलिंग', म्हणजे 'कायद्याच्या हुकुमाप्रमाणे, ताबडतोब'. ही चीनच्या हान राजवटीतल्या सरकारी खलित्यांची भाषा. भुताला हुकूम सोडायचा तोही दफ्तरी थाटात. कचेरीतल्या कटकटींसाठी ताईत शोधणाऱ्याला ही गंमत कळावी.

कँटनीज घरांत चिनी नववर्षाचा तिसरा दिवस 'लाल तोंडा'चा, म्हणजे वादावादीचा. त्या दिवशी कुणाकडे जायचे टाळतात, आणि तंटे दूर राहावेत म्हणून दारावर लाल कागदाची पट्टी डकवतात.

पुलाखालचा विधी मात्र चपलेवर थांबत नाही. चिंध्या जाळल्या की 'उपकारकर्त्या माणसा'चा कागद पुढे येतो. पाठीशी उभे राहणारे कुणी भेटावे, अशी मागणी होते. मग ती बाई चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकते. एकाची सपाट आणि दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली, की कौल मिळाला, काम झाले.