फ्रेमवर मोठी गोधडी शिवायची असेल, तर मशीन घेण्यापूर्वी काय मोजावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानात फ्रेमची, म्हणजे गोधडी ताणून बसवायच्या पाइपांच्या सांगाड्याची, चौकशी करायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न असा विचारतात, की डबलबेडची गोधडी बसवायला फ्रेम किती फुटांची लागेल. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम दुसरा आहे. मशीनच्या आर्मखाली, म्हणजे सुईपासून उभ्या खांबापर्यंतच्या आडव्या भागाखाली, जागा किती, हे आधी विचारायला हवे. हा क्रम उलटा झाल्यामुळे अनेक जण गावातल्या वेल्डरकडून दहा फुटांची फ्रेम करून घेतात, घरची शिलाई मशीन तिच्यावर चढवतात आणि गोधडी निम्मी झाली की मशीन बिघडली म्हणून ती आमच्याकडे घेऊन येतात. मशीनमध्ये सहसा काहीही बिघडलेले नसते. तरीही ती खोलणे, तपासणे आणि दोष तिचा नाही हे पटवून देणे यात त्यांचाही आणि आमचाही अर्धा दिवस जातो, म्हणून हे पत्रक छापून घेतले आहे.

टेबलावर शिवताना मशीन जागेवर राहते आणि कापड सरकते. फ्रेमवर नेमके उलट होते. गोधडी पाइपांवर ताणून बसवलेली असते, मशीन चाकांच्या ट्रॉलीवर असते आणि आपण उभे राहून मशीनच हँडलने फिरवतो. जेवढा भाग शिवून होतो, तेवढा मागच्या पाइपवर गुंडाळला जातो. ही गुंडाळी आर्मच्या आत, म्हणजे सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्या मधल्या जागेत असते, आणि नेमकी हीच गोष्ट ग्राहकांच्या लक्षात येत नाही. फ्रेमच्या लांबीवर गोधडीची रुंदी ठरते. एका फेरीत किती इंच काम होईल, हे मात्र आर्मवर आणि गुंडाळीच्या जाडीवर ठरते.

घरगुती काळ्या मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंतचे अंतर साधारण साडेसहा ते सात इंच भरते. समजा, पाच-सहा पदरी जुन्या लुगड्यांची, 90 इंच लांबीची गोधडी आहे आणि गुंडाळताना तिची जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास राहते. दीड इंची पाइपवर ती गुंडाळत गेल्यास शेवटी गुंडाळीचा व्यास सुमारे चार इंच होतो. सातातून चार गेले आणि प्रेसर फूट (सुईजवळचा कापड दाबणारा पाय) गुंडाळीला आणि गुंडाळी खांबाला आदळू नये म्हणून एक इंच सोडला, तर हाती दोन इंच उरतात. सुरुवातीला साडेचार इंच मिळतात, शेवटी दोन. अशा रीतीने संपूर्ण गोधडीला पंचवीस ते तीस वेळा पाइप फिरवून कापड पुढे घ्यावे लागते. त्याच गोधडीला 18 इंचांच्या आर्मवर सहा-सात वेळा पाइप फिरवला की काम होते. सरकी काढलेली रूई भरलेली दुलई याच्या दुप्पट जाड धरली, तर गुंडाळी साडेपाच इंचांवर जाते आणि काळ्या मशीनमध्ये जेमतेम अर्धा इंच मोकळा राहतो. अशा वेळी ओढाताण होते, सुई वाकते, टाके सुटतात आणि ग्राहक म्हणतो की टेन्शन (धाग्याचा ताण) बिघडले.

याचा अर्थ घरची मशीन फ्रेमवर अगदीच निरुपयोगी आहे, असा नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडव्या ओळी टाकायच्या असतील आणि पुन्हापुन्हा पाइप फिरवण्याची तयारी असेल, तर तिच्यावर पातळ गोधडी होते. त्यासाठी तिला पायडलाऐवजी मोटार हवी, वेगाचे बटण हँडलवर हवे, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करता किंवा झाकता आले पाहिजेत आणि कापडावरून सुटा चालणारा भरतकामाचा फूट हवा. पण मोर, वेल, चक्र असे नक्षीकाम करायचे असेल, तर शेवटच्या दोन इंचांत सहा इंचांचा मोर कसा बसवणार? गिऱ्हाईक गोधडीचे पैसे नक्षी पाहून देते, हे गोधड्या विकणाऱ्या आमच्या ताई आम्हाला नेहमी सांगतात.

कारखान्यातील टेबल मशीन घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती मिनिटाला चार-पाच हजार टाके मारते आणि जुनी मशीन स्वस्तात मिळते. तिचा आर्म काळ्या मशीनपेक्षा मोठा असला, तरी तिला तेल मिळते ते टेबलात बसवलेल्या ऑइल पॅनमधून. ती ट्रॉलीवर चढवली की तेलाची ही सोयच तुटते. शिवाय तिचे नुसते डोकेच इतके जड असते, की ते दिवसभर ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात. शिलाईच्या दुकानासाठी ही मशीन आम्ही आनंदाने देतो. फ्रेमसाठी मागितल्यास देत नाही. जुकीच्या टीएल मालिकेसारख्या सरळ टाक्याच्या मशीनला साडेआठ इंचांच्या आसपास जागा असते. शिकण्यासाठी आणि पाळण्याच्या दुपट्यांसाठी ती चांगली आहे, पण डबलबेडच्या गोधड्या रोज करायच्या असतील तर ती लवकरच अपुरी पडते.

मोठ्या गोधड्यांचा धंदाच करायचा असेल, तर निदान 16 ते 18 इंची आर्मची मशीन पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत फ्रेमवर रजया शिवून देणारे व्यावसायिक 18 ते 26 इंची आर्मच्या मशीन वापरतात, आणि खास फ्रेमसाठी घडवलेल्या अशा मशीनना दाते नसतातच. 26 इंचांचा हट्ट मात्र धरू नये. आर्म जितका लांब तितकी मशीन जड होते, आणि आपल्याकडे मागणी असलेल्या आकारांना 18 ते 20 इंच पुरतात. बजेट मोजके असेल, तर मशीनच्या रंगीत स्क्रीनपेक्षा पैसे आर्मच्या लांबीवर घालावेत. हात कमी-जास्त वेगाने फिरला तरी टाक्यांची लांबी सारखी ठेवणारा स्टिच रेग्युलेटर उपयोगी आहे, विशेषतः नवशिक्यांना. पण सरळ ओळींना सरावाने हात बसतो आणि रेग्युलेटर नंतरही घेता येतो, मात्र मॉडेलमध्ये तशी सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. रेग्युलेटर घेतल्यास स्टॅबिलायझरही घ्यावा. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की संध्याकाळी विजेचा दाब कसा उतरतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

ग्राहकांची एक तक्रार आम्हाला ठाऊक आहे: पैसे घेऊन आले तरी हे लोक मशीन दाखवण्याआधी गोधडी मागतात. होय, मागतो. तुम्ही नेहमी करता त्यातली सर्वांत जाड गोधडी आणावी, आम्ही ती पाइपवर पूर्ण गुंडाळून टेपने व्यास मोजतो आणि त्यानंतरच मशीनचे नाव घेतो. यात पाऊण तास जातो, पण विकलेली मशीन परत घेण्याची पाळी कोणावरच येत नाही. याच वेळी सुईही ठरते. सुती पदरांना 16 नंबरची सुई बहुधा पुरते, जाड दुलईला 18 लागते. नायलॉनच्या साड्यांचे पदर असतील तर वेग कमी ठेवावा लागतो, कारण सुई तापून धागा तुटतो.

फ्रेमवर चढवल्यावर गोधडी नवारीच्या बाजेसारखी कचकचून ताणू नये. खालून बोट लावल्यास कापड थोडे वर उचलले गेले पाहिजे. फार ताणलेल्या कापडात सुई अडकते, वाकते आणि टाका चुकतो. गुंडाळी जाड होत जाईल तसा मागचा पाइप वर घ्यावा लागतो. तो वर-खाली होण्याची सोय वेल्डरच्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा नसते, म्हणून आमच्या फ्रेमला दोन्ही बाजूंना खाचा दिलेल्या आहेत. किमतीतला काही फरक याच कामाचा आहे.

खोलीचे माप अवश्य आणावे. 90 इंच रुंदीच्या गोधडीला दहा फुटांची फ्रेम लागते, कारण कडेला मशीन वळायलाही जागा हवी. शिवाय पुढे उभे राहायला आणि मागून धागा व बॉबिन पाहायला माणूस मावला पाहिजे. जमीन सारवलेली असो वा शहाबादी फरशीची, गवंड्याची पाणसळ लावून फ्रेम समपातळीत बसवली नाही, तर ट्रॉली आपोआप एका बाजूला सरकत राहते. बसवून देताना आम्ही हे काम करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ज्यांच्याकडे एवढी जागा नाही, त्यांनी टेबलात पक्की बसवलेली लांब आर्मची मशीन पाहावी. तीत कापड हाताने फिरवावे लागते, पण ती घराच्या एका खणात मावते.

वर्षाला थोड्याच मोठ्या गोधड्या होत असतील, तर मशीन घेण्याची घाई करू नये. पदर जमवून, कडेने कच्चा धावदोरा घालून गोधडी आणून दिल्यास आम्ही आमच्या फ्रेमवर मजुरीने टाके मारून देतो. बचत गटाने मिळून मशीन घ्यायची असेल, तर निर्णयापूर्वी गटातील दोघी-तिघींनी दुकानातील मशीनवर स्वतःची गोधडी शिवून पाहावी. त्यासाठी शुल्क नाही. फक्त दिवाळीनंतर थंडीच्या मागणीमुळे फ्रेम मोकळी नसते, म्हणून आधी फोन करून दिवस ठरवून घ्यावा.