आयरिश पूर्वजांचं गाव अमेरिकेत सापडतं

आपले पूर्वज आयर्लंडमधल्या नेमक्या कुठल्या गावचे, हे शोधायला निघालेला अमेरिकन माणूस आधी डब्लिनकडे वळतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्ध पेटल्यावर दोनच दिवसांत, फोर कोर्ट्स संकुलातलं सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत बेचिराख झालं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनं आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगदा करायला गेले. त्यामुळे पूर्ण हाती लागणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची.

पण माणसांचा लोंढा बाहेर पडला तो त्याच्या अर्धशतक आधी. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हा त्याचा कारक जीव बुरशीसारखा दिसतो, पण ती खरी बुरशी नव्हे. गरिबांच्या शेतात ‘लंपर’ हे एकच वाण, तेही कंदांपासून वाढवलेलं, म्हणजे जनुकीयदृष्ट्या सगळी झाडं सारखीच. रोगाला कुठे अडथळाच नव्हता. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. अंदाजे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली.

त्यांचा माग काढायचा तर ‘जॉन मर्फी, कॉर्क’, म्हणजे नाव आणि जिल्हा, एवढ्यावर काही होत नाही. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त टाउनलँड, म्हणजे छोटे महसुली वाडे, आणि एकच नाव अनेक ठिकाणी. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ ही जमीन-घरांची मोजणी कोणती जमीन कोणाकडे होती ते सांगते, पण वाड्याचं नाव ठाऊक असेल तरच तिचा खरा उपयोग.

ते नाव बऱ्याचदा अमेरिकेत निघतं. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. खातेदारांपैकी अनेकांना सही करता येत नसे. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? कारकून खातं उघडतानाच वहीत लिहून घेई: जन्म कुठला, आईबापांची नावं काय, कोणत्या जहाजानं कधी आलात, भावंडं कुठे आहेत. फसवणूक टाळण्यासाठी विचारलेले हे प्रश्न आज वंशावळीचं सोनं झाले आहेत. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत ताटातूट झालेल्या नातलगांना शोधणाऱ्या जाहिराती येत. त्यांतही गावाचं, पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं) नाव असे.

जळालेल्या जनगणनेचेही काही तुकडे उरले, ते पेन्शनमुळे. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागली. पण आयर्लंडमध्ये सर्वांची जन्मनोंदणी १८६४ पासूनची, मग वयाचा पुरावा आणायचा कुठून? म्हातारी माणसं १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपलं घर शोधून द्या असे अर्ज करू लागली. मूळ जनगणना राख झाली, तरी ते अर्ज आणि त्यांवर कारकुनांनी लिहिलेली उत्तरं शिल्लक आहेत.

मग डीएनए चाचणीचं काय? ती आपला डीएनए इतरांच्या डीएनएशी जुळवून दूरचे नातलग शोधते. ती कामाची आहे, पण माझ्या मते तिच्यावर लोक फार लवकर विसंबतात. दर पिढीत आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा डीएनए येतो, त्यामुळे दूरच्या पूर्वजाचा वाटा झपाट्यानं घटतो. खापरपणजोबा एकच असलेल्या दोघांपैकी दहातल्या साधारण एका जोडीत ओळखता येईल असा सामाईक तुकडा उरतच नाही. आणखी एक पिढी मागे गेलं, की निम्म्याच जोड्या जुळतात. दुष्काळात निघालेला पूर्वज आज नेमका इतकाच, किंवा याहूनही, दूर असतो. म्हणून लाळेचा नमुना द्यायचा तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा आधी द्यावा, आणि जमलं तर त्यांच्या भावंडांचाही. प्रत्येकाकडे पूर्वजाचे वेगवेगळे तुकडे आलेले असतात. एकाचा जुळला नाही, तरी दुसऱ्याचा जुळू शकतो.