पुण्यात आधी पाणी आलं की आधी घरं? टँकरमागची जुनी गोष्ट

पेपरात "येत्या गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद" अशी बातमी आली की आमच्या कात्रजजवळच्या आंबेगावातल्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास तिचा फोटो टाकतं आणि खाली धडाधड हसणारे चेहरे पडतात, कारण बंद व्हायला आधी चालू असावं लागतं ना राव. महापालिकेची लाइन आहे आमच्याकडे, नाही असं नाही, पण तिच्यातून जे येतं त्यात खालची टाकी अर्धीही होत नाही, बाकी सगळं दहा हजार लिटरच्या टँकरवर. परवा एक नवीन भाडेकरू विचारत होता की धरणं एवढी जवळ असून हे असं कसं, तेव्हा म्हटलं एकदा नीटच लिहावं, कारण ही गोष्ट पेशव्यांपासून सुरू होते आणि मजा म्हणजे आमच्याच मागच्या डोंगरातून सुरू होते.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुणं वाढलेलं होतं, शनिवारवाडा १७३२ मध्ये राहता झाला होता, पण पाणी म्हणजे नदी, ओढे आणि आड. मग १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घालून तळं केलं आणि तिथून थेट शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ म्हणजे आपल्या डोक्यात येतो तसा पाइप नाही हां, दगडी बांधकामाचा भुयारासारखा मार्ग, काही ठिकाणी माणूस उभा चालेल एवढा. पंप नाही काही नाही, नुसता उतार. मधेमधे वर उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे हवा जायला आणि उतरून गाळ काढायला जागा. असा एखादा उच्छ्वास जुन्या भागात अजून दिसतो, लोक त्याला टेकून स्कूटर लावतात. हे पाणी शहरातल्या हौदांत पडायचं. काळा हौद वगैरे नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडात आहेत, हौद बघायला गेलं तर मात्र शोधावे लागतात.

नानासाहेबांचं बघून पुढे बाकीच्यांनीही नळ आणले. सरदार रास्त्यांचा स्वतःचा होता आणि नाना फडणवीसांनी आणला तो सदाशिव पेठेच्या हौदात पडायचा. कुठून आणला? आंबेगावच्या बाजूने! म्हणजे ज्या गावात मी आज टँकरवाल्याला "दादा, दोन खेपा तरी टाका" म्हणून फोन करतो त्या गावचं पाणी सदाशिव पेठ पीत होती. हे कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, कारण आमचं मूळ घर सदाशिव पेठेतलंच, ती म्हणाली, "मग फेडतोयस तू आता."

तर मुद्दा असा की त्या काळी पेठ वसवायची म्हणजे पाण्याची सोय हा त्यातला मोठा भाग असायचा. सगळंच शहाणपणाचं होतं असं म्हणायचं नाहीये मला. हौद होते, पण ते सगळ्यांसाठी नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथे हात लावता येत नव्हता, आणि म्हणून १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला ही केवढी मोठी गोष्ट होती. बुधवार पेठेतला बाहुलीचा हौदही तसाच, फुल्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलीच्या आठवणीत बांधलेला आणि सगळ्यांना खुला. जुन्या पाणीव्यवस्थेचं कौतुक करताना हे दोन हौद वगळून बोलणाऱ्यांचा मला जरा कंटाळाच येतो.

इंग्रजांच्या काळात १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, कालवा शहरातून पुढे हडपसरकडे गेला, हळूहळू नळाचं पाणी आलं आणि हौदांचं महत्त्व गेलं. वाड्यात चौकातला एक नळ आणि त्यावर आठ-दहा बिऱ्हाडं. माझ्या लहानपणी आमच्याकडे हेच होतं. पहाटे नळ सूं सूं वाजायला लागला की आजी कोणालाही न उठवता आधी आपली कळशी लावून यायची, मग आम्हाला हाक. नंबरावरून भांडणं व्हायची, पण कोणाकडे पाहुणे आले असले की न सांगता त्यांना दोन हंडे पुढे मिळायचे. चावीवाला, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लांब लोखंडी चावी घालून पाणी सोडणारा माणूस, त्याला दिवाळीला सगळ्या वाड्यातून फराळ जायचा. मंत्र्याला मिळणार नाही तेवढा मान होता त्याला.

मग १२ जुलै १९६१. बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण सकाळी फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि दुपारी तेही गेलं. नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठा, डेक्कनचा भाग, सगळं पाण्यात. पुराच्या गोष्टी प्रत्येक पुणेकराने ऐकलेल्या असतात, पण त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते, ती म्हणजे धरणच वाहून गेल्यामुळे शहराला प्यायला पाणी नाही. तेव्हा लोक परत आडांवर आणि विहिरींवर गेले, वर्षानुवर्षं कचरा टाकलेले आड उपसून साफ केले. आमच्या वाड्यातल्या आडावरची फरशी तेव्हा काढली होती असं आजोबा सांगायचे, नंतर परत घातली ती कायमची.

पुराने घरं गेलेल्यांना मग पेठांच्या बाहेर जागा मिळाल्या. गोखलेनगरला अर्धगोल छपरांच्या निसेन हट, लोकमान्यनगर, सहकारनगर, पूरग्रस्तांच्या सोसायट्या. पुणेकर एकदम एवढ्या संख्येने वाडा सोडून 'सोसायटी'त जायला लागला तो इथून असं मी मानतो. एका चौकातल्या नळाऐवजी प्रत्येकाच्या ओट्यावर स्वतःचा नळ, आणि खरं सांगायचं तर बायकांचे केवढे कष्ट वाचले, वाड्याची आठवण काढून गहिवरणाऱ्यांत कळशी वाहिलेली बाई सहसा नसते. खडकवासला दुरुस्त झालं, पानशेत परत बांधलं, पुढे वरसगाव आणि टेमघर झालं. या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यात खडकवासल्याचं स्वतःचं दोन टीएमसीसुद्धा नाही. पण यातलं पाणी एकट्या पुण्याचं नाही, पुढे दौंड-इंदापूरपर्यंतची शेती त्यावर आहे, म्हणून दर उन्हाळ्यात कोणाला किती पाणी हे ठरवणाऱ्या कालवा समितीत ती खडाजंगी.

इथपर्यंत बरं चाललं होतं. पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मग हिंजवडीचं आयटी पार्क, आणि शहराच्या कडेची गावं भराभर इमारतींनी भरली. ही गावं तेव्हा महापालिकेत नव्हती. ग्रामपंचायतीची एखादी विहीर, एक छोटी टाकी, हजार-दोन हजार वस्तीचा हिशोब, आणि तिथे बारा-बारा मजल्यांना परवानगी. पाण्याचं काय, तर बिल्डरने लिहून द्यायचं की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी सोय करीन. आमच्याही करारात ते वाक्य आहे, मी हायलाइट करून ठेवलंय. आमच्या बिल्डरने सोय केली पहिलं वर्षभर, म्हणजे सोसायटी ताब्यात देईपर्यंत. मग टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये आलं.

१९९७ मध्ये गावं आत घेतली, त्यातली काही परत बाहेर काढली, २०१७ मध्ये ११ घेतली, त्यात आंबेगाव आणि धायरी, आणि २०२१ मध्ये आणखी २३, त्यात वाघोली, सिंहगड रोडवरचं नांदेड, किरकटवाडी आणि खुद्द खडकवासला गाव! महापालिकेची हद्द ५१६ चौरस किलोमीटरच्या पुढे गेली, राज्यात सगळ्यात मोठी, टॅक्सची बिलं वेळेवर आली, पाइपलाइन मात्र आपल्या सवडीने. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या त्याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट वाढले आणि संशय पाण्यावर गेला तेव्हा बाकीच्या शहराला कळलं की धरणाच्या पायथ्याशी राहणारी माणसं विहिरीचं पाणी नुसतं क्लोरिन टाकून पितायत.

आणि पाणी येतं तेव्हा कसं येतं तेही बघा. आंबिल ओढा कात्रजकडूनच येतो. नानासाहेबांनी त्याचा प्रवाह वळवला होता, पर्वतीचं तळं त्याच्यावरच झालं, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे आणि तिथल्या गणपतीला अजून तळ्यातला गणपती म्हणतात. पुढे ओढ्याच्या काठाने जागा मिळेल तिथे घरं झाली, भिंती आल्या, ओढ्याचं पात्र अरुंद झालं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो असा फुगला की कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नेहमीप्रमाणे टँकर सांगितला तर रस्ताच खचलाय म्हणून तो संध्याकाळी आला.

आता चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेच्या टाक्या शहरात दिसतात, मीटर बसतायत, पूर्व भागाला २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचं पाणी आहे. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी खोदून एक जाड निळा पाइप टाकलाय. त्याचं तोंड गेटपाशी अजून तसंच उघडं आहे, वॉचमनने त्यात पोतं कोंबून ठेवलंय, कुत्र्याची पिल्लं आत जातात म्हणून.