अमेरिकेत पॅकेट रेडिओचा बीबीएस चालवायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेत नोकरीला किंवा शिकायला आलेल्या आणि रेडिओचं वेड असलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरी पॅकेट रेडिओचा बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस, उभा करायचा तर त्याचा अर्ज कुठे करायचा? असा अर्जच नाही. एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे, बीबीएसचा वेगळा परवाना नाही, वेगळी फी नाही, नोंदणीही नाही. तुमचा हौशी रेडिओचा परवाना हाच बीबीएसचाही परवाना. पण म्हणून काम सोपं झालं असं समजू नका. परवान्याच्या अटी ज्या नियमावलीत आहेत, त्या ‘भाग ९७’ मधली बरीच कलमं पुढे सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एकेक ओळ होऊन भेटतात. म्हणून आधी परवान्याचं बोलू आणि मग फाइलचं.

ज्यांना पॅकेट म्हणजे काय हेच नवीन आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. संगणकातला मजकूर एएक्स.२५ नावाच्या पद्धतीने छोट्या तुकड्यांत कापून व्हीएचएफ रेडिओवर पाठवतात, बहुतेक ठिकाणी सेकंदाला १२०० बिट या गोगलगायीच्या वेगाने. बीबीएस हे तुकडे जोडून निरोप साठवतो आणि सवडीने शेजारच्या बीबीएसकडे ढकलतो. इंटरनेट नसलं तरी चालतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पात्रता

वयाची अट नाही. नागरिकत्वाची अट नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, ग्रीन कार्ड, कोणीही परीक्षा देऊ शकतं. अपात्र ठरतात ते फक्त परकीय सरकारचे प्रतिनिधी. मोर्सची परीक्षा फेब्रुवारी २००७ मध्येच रद्द झाली, त्यामुळे ‘मला डिट-डा येत नाही’ ही सबब आता चालत नाही. परवान्याचे वर्ग तीन: टेक्निशियन, जनरल, एक्स्ट्रा. व्हीएचएफवरच्या बीबीएससाठी पहिला पुरेसा आहे.

भारतातला व्हीयू कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी स्टेशनची खूण, भारतात ती व्हीयूने सुरू होते) असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. भारत आणि अमेरिकेत परस्पर मान्यतेची व्यवस्था असल्यामुळे इथे पाहुणा म्हणून आलेला भारतीय नागरिक आपल्या भारतीय परवान्यावरच बोलू शकतो. त्याला अर्ज करावा लागत नाही. मूळ परवाना आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा आणि कॉलसाइनच्या आधी त्या भागाची खूण लावायची, म्हणजे कॅलिफोर्नियात ‘डब्ल्यू६’, मग तिरपी रेघ, मग आपला कॉलसाइन. महिनाभर लेकीकडे आलेल्या आजोबांसाठी ही सोय उत्तम. पण चोवीस तास चालणारा बीबीएस उभा करायचा असेल तर इथला परवाना घ्यावा, असं माझं मत.

कागदपत्रं

मुळात कागद फार लागत नाहीत. फोटो असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स), अमेरिकेतला टपालाचा पत्ता, चालू ईमेल आणि एफआरएन. एफआरएन हा एफसीसीने दिलेला दहा आकडी नोंदणी क्रमांक. तो एफसीसीच्या ‘कोअर्स’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि परीक्षेला बसण्याआधीच हातात असावा लागतो. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. तो नसेल, जसा एच-४ वरच्या अनेकांकडे नसतो, तर नसण्याचं कारण निवडायची सोय त्याच पानावर आहे.

आपल्याकडचे लोक नावाच्या रकान्यात हमखास अडकतात. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहितो. कोणाच्या पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात असतात, कोणाचं आडनाव पुढे येतं. एफआरएन काढताना नाव जसं लिहाल तसंच परीक्षेच्या अर्जावर लिहा, आणि दोन्हीकडे ओळखपत्राशी ताडून पाहा. नाव जुळलं नाही की अर्ज पुढे सरकत नाही.

पत्त्याबद्दल एक सावधगिरी. परवानाधारकांची यादी सार्वजनिक असते. तुमचा कॉलसाइन टाकला की तुम्ही दिलेला पत्ता कोणालाही दिसतो. ज्यांना हे नको आहे ते पोस्टात पेटी घेऊन तो पत्ता देतात, आणि तो चालतो. हे अर्ज करण्याआधी ठरवा. नंतर पत्ता बदलता येतो, पण जुनी नोंद पुसली जात नाही.

परीक्षा आणि फी

परीक्षा एफसीसी घेत नाही, स्वयंसेवक परीक्षक घेतात. प्रत्येक सत्राला किमान तीन परीक्षक लागतात. ग्रंथालयात, चर्चच्या हॉलमध्ये, क्लबच्या खोलीत सत्रं होतात आणि आता कॅमेऱ्यासमोर घरबसल्याही देता येतात. टेक्निशियनला ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. चारशेहून जास्त प्रश्नांचा पूर्ण संच उत्तरांसह जाहीर असतो. आपण सगळे गाइड वाचून पास झालेली पिढी, त्यामुळे हे काही जड नाही. फक्त हा संच चार वर्षांनी बदलतो, म्हणून जुनं पुस्तक कोणाकडून घेताना त्यावरची मुदत पाहा.

अर्जात एक प्रश्न गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्याबद्दल असतो. त्याचं उत्तर खरं द्यायचं. ‘हो’ असेल तर खुलासा जोडावा लागतो.

परीक्षेच्या सत्राची फी संस्थेप्रमाणे बदलते, काही ठिकाणी ती शून्य असते. एफसीसीची अर्ज फी वेगळी, ३५ डॉलर, एप्रिल २०२२ पासून लागू. ती परीक्षेच्या दिवशी भरायची नसते. पास झाल्यावर एफसीसीकडून ईमेल येतं आणि तेव्हापासून दहा दिवसांत ऑनलाइन भरायची. हे ईमेल स्पॅममध्ये जाऊन बसतं, म्हणून त्या आठवड्यात रोज तिथे डोकावा. मुदत गेली की अर्ज बाद होतो. फी भरल्यावर थोड्याच दिवसांत कॉलसाइन सार्वजनिक यादीत दिसतो, आणि दिसला त्या क्षणापासून तुम्ही बोलू शकता. कागदी परवाना घरी येत नाही, तो २०१५ पासून बंद आहे. संकेतस्थळावरून प्रत उतरवून छापायची.

आता कॉन्फिग फाइल

सॉफ्टवेअरमध्ये निवड बरीच आहे. फ्रान्समधल्या एफ६एफबीबी यांचा एफबीबी जुना आणि मानाचा. ब्रिटनमधल्या जॉन वाइजमन, जी८बीपीक्यू, यांचा बीपीक्यू आज जास्त दिसतो, आणि त्याची लिनबीपीक्यू ही आवृत्ती रास्पबेरी पायवर निवांत चालते. मोडेम म्हणून वेगळी पेटी न घेता डायरवुल्फ हा प्रोग्राम आणि एक साउंडकार्ड पुरतं. मी पुढे लिनबीपीक्यूच धरून बोलतो.

पहिली ओळ ‘नोडकॉल’, म्हणजे नोडचा, तुकडे पुढे पोचवणाऱ्या स्टेशनचा, कॉलसाइन. इथे तुमचाच कॉलसाइन. क्लबचा, मित्राचा किंवा गमतीचा चालणार नाही. एका कॉलसाइनला शून्य ते पंधरा असे शेपटीचे आकडे लावता येतात, म्हणून नोडला एक आणि मेलबॉक्सला दुसरा आकडा द्यायची रीत आहे. ‘नोडएलियस’ मात्र हौसेचं, सहा अक्षरांपर्यंत. तिथे गावाचं नाव टाका, आडनाव टाका, पण एलियसने कॉलसाइनची जागा घेता येत नाही.

‘आयडीइंटरव्हल’ समोर १० लिहा. हा दहा मिनिटांचा आकडा थेट नियमावलीतून येतो. संभाषण चालू असताना दर दहा मिनिटांनी आणि शेवटी ओळख द्यायचीच असते. शून्य लिहिलं तर ही घोषणा बंद होते. नमुना फाइल नक्कल करताना इकडे नजर टाका.

‘टीएक्सडिले’, ‘पॅकलेन’, ‘मॅक्सफ्रेम’ (एका दमात किती तुकडे पाठवायचे) यांना कायद्याची अट नाही, शेजारधर्माची आहे. रेडिओ दाबल्यावर डेटा सुरू होण्याआधी किती मिलिसेकंद थांबायचं ते टीएक्सडिले सांगतं. कमी ठेवलं तर सुरुवात कापली जाते, आणि उगाच जास्त ठेवलं तर सगळ्यांची वाट अडते. ३०० ते ५०० पासून सुरुवात करून हळूहळू कमी करत आणा. पॅकलेन, म्हणजे एका तुकड्याची लांबी, २३६ बाइटपेक्षा मोठी ठेवू नका, कारण नोड ते नोड जाताना वीस बाइट रस्ताच खातो.

मेलबॉक्स चालू करायला ‘लिनमेल’ ही एकच ओळ आणि ‘ॲप्लिकेशन’ ची एक ओळ लागते. बाकीचं ब्राउझरमधून भरता येतं. तिथे एचरूट नावाचा रकाना आहे. उत्तर कॅलिफोर्नियात तो ‘#एनसीए.सीए.यूएसए.एनओएएम’ असा लहानाकडून मोठ्याकडे जातो, अगदी पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा लिहावा तसा. हा पत्ता मनाने ठरवायचा नाही. जो शेजारी तुमचे निरोप पुढे नेणार आहे त्याला विचारून भरा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नव्या वापरकर्त्यांची. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या दिवसांत, पैसे आकारणाऱ्या एका ९०० क्रमांकाचा प्रचार करणारा निरोप बीबीएसवरून बीबीएसवर आपोआप पसरला आणि एफसीसीने तो पुढे ढकलणाऱ्या स्टेशनांनाही नोटिसा काढल्या. त्यानंतर नियम बदलला. आज निरोपाची मुख्य जबाबदारी तो लिहिणाऱ्यावर आहे आणि मधली स्टेशनं मोकळी. अपवाद पहिल्या स्टेशनचा. निरोप सर्वप्रथम ज्याच्याकडे येतो त्याने पाठवणाऱ्याची ओळख पटवायची, नाहीतर जबाबदारी स्वतःवर घ्यायची. म्हणून अनोळखी माणसाचा निरोप सिसॉपने, म्हणजे बीबीएस चालवणाऱ्याने, पाहीपर्यंत अडकवून ठेवायची जी सोय आहे, ती कंटाळा आला म्हणून काढून टाकू नका. टेलनेटची (इंटरनेटवरून बीबीएसमध्ये शिरायची) खाती तर परवानाधारकांनाच द्या, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. सासऱ्यांना ‘जरा बघा कसं चालतं’ म्हणून आपलं खातं देणं इथे महागात पडेल.

पासवर्डचा विषय निघालाच आहे, तर हवेवर काहीही लपवायची परवानगी नाही. अर्थ झाकण्यासाठी केलेलं कूटलेखन नियमात बसत नाही. कॉम्प्रेशन चालतं, कारण त्याची पद्धत उघड आहे. ‘पर्सनल’ लिहिलेला निरोपही ऐकणाऱ्या कोणालाही वाचता येतो. बीपीक्यूमध्ये सिसॉपची ओळख पटवताना नोड पाच आकडे देतो आणि आपण आपल्या लांब पासवर्डातली त्या त्या क्रमांकाची अक्षरं परत पाठवतो. उघड्यावर ओळख पटवायची ही युक्ती मला फार आवडते.

भारतात निरोप पाठवता येईल का, हे सगळे विचारतात. तिकडच्या हॅमला, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याला, हो. पण नाशिकच्या आत्याला, जिच्याकडे परवाना नाही, तिच्यासाठीचा निरोप तिसऱ्या पक्षाचा ठरतो आणि त्याबाबतीत अमेरिकेचा भारताशी करार नाही. शॉर्टवेव्हवर बीबीएस आपोआप चालवायचा असेल तर ठरावीक पट्ट्याच वापरता येतात, उदाहरणार्थ १४.०९५० ते १४.०९९५ मेगाहर्ट्झ, आणि या पट्टीसाठी जनरल वर्ग लागतो. ५० मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या हौशी पट्ट्यांत हे बंधन एवढं घट्ट नाही, पण १४४.३९० हा एपीआरएसचा, म्हणजे स्टेशनांची ठिकाणं कळवणाऱ्या पॅकेट व्यवस्थेचा, चॅनेल आहे, तिथे बीबीएस लावून शिव्या खाऊ नका.

घरमालक, सोसायटी आणि एक हिशोब

परवाना आला तरी अँटेना लावायचा हक्क त्यात येत नाही. एफसीसीने १९८५ मध्ये गावपालिकांना हौशी अँटेनांची वाजवी सोय करायला सांगितलं, पण घर घेताना सही केलेल्या सोसायटीच्या करारावर त्याचा परिणाम होत नाही. आमच्या सोसायटीच्या समितीला मी तीन पत्रं लिहिली. शेवटी अँटेना माळ्यावर गेली, आणि १४५ मेगाहर्ट्झला तीही बरी चालते.

माळ्यावर ठेवा की गच्चीवर, रेडिओलहरींच्या संपर्काचा हिशोब करून ठेवणं मे २०२१ पासून सगळ्या हौशी स्टेशनांना लागू आहे. ऑनलाइन गणकयंत्रात पॉवर, अँटेना आणि माणसांपासूनचं अंतर भरलं की आकडा येतो. तो एफसीसीला पाठवायचा नाही. छापून परवान्याच्या प्रतीसोबत फाइलला लावा.

परवाना दहा वर्षांचा. मुदत संपण्याआधी ९० दिवसांपासून नूतनीकरण करता येतं, फी तेव्हाही ३५ डॉलर. मुदत उलटली तर दोन वर्षांत परीक्षेशिवाय तो जिवंत करता येतो, पण मधल्या काळात एक पॅकेटही हवेत जाता कामा नये. नोकरी बदलली की ईमेल बदलतं, तेव्हा एफसीसीच्या नोंदीतही ते बदला. त्यांचं पत्र परत गेलं तर परवाना रद्द होऊ शकतो, आणि माळ्यावरचा रास्पबेरी पाय मात्र तुमच्या कॉलसाइनने दर दहा मिनिटांनी ओळख देतच राहील.