नियत वयोमान

ज्या वयाला कर्मचाऱ्याने सेवा सोडलीच पाहिजे असे सेवानियमांत ठरवलेले असते, ते वय. महाराष्ट्र शासनाच्या आदेशांत ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. स्वेच्छानिवृत्ती, रुग्णता निवृत्ती आणि सक्तीची सेवानिवृत्ती यांत वयाखेरीज इतर कारणे येतात; त्यांचा विचार येथे केलेला नाही.

प्राचीन संदर्भ : ‘निवृत्ती’ हा शब्द धर्मशास्त्रात ‘प्रवृत्ती’च्या विरुद्ध अर्थाने येतो, कचेरीतला अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड दिसले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृती (६·२) सांगते. पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार आश्रम ही शाळेत शिकवली जाणारी विभागणी मनूच्या ‘आयुष्याचा चौथा भाग’ या शब्दांवर शंभर वर्षांचे आयुष्य गृहीत धरून केलेली दिसते. आश्रमांच्या क्रमाविषयी समुच्चय (चारही आश्रम ओळीने घ्यावेत), विकल्प (हवा तो निवडावा) आणि बाध (गृहस्थाश्रम हाच खरा) असे तीन पक्ष धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी नोंदवले आहेत. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम म्हणजे विद्यार्थिदशा संपल्यावर निवडायचे पर्याय होते, ओळीने चढायच्या पायऱ्या ही कल्पना नंतरची, हे संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. बायकामुलांची सोय न लावता प्रव्रज्या (संन्यास) घेणाऱ्याला कौटिल्याने दंड सांगितला आहे.

वेतनाशी जोडलेल्या निवृत्तीचा भारतीय पुरावा म्हणून शुक्रनीती या शुक्राचार्यांच्या नावावरील राजनीतिग्रंथातील एक वचन नेहमी पुढे केले जाते. ज्याने चाळीस वर्षे सेवा केली त्याला पुढे काम न घेता निम्मे वेतन द्यावे, असा त्याचा आशय. आजारी सेवकाचे वेतन आणि वर्षातली रजा यांचेही नियम त्याच प्रकरणात आहेत. ‘पेन्शन ही इंग्रजांची देणगी नव्हे’ असे म्हणणाऱ्यांचा सगळा भार या वचनावर असतो, म्हणून ग्रंथाचा काळ महत्त्वाचा ठरतो. मद्रासहून १८८२ मध्ये संहिता प्रसिद्ध करणारे गुस्टाव्ह ऑपर्ट यांनी ग्रंथ प्राचीन मानला आणि त्यातील बंदूक व बंदुकीची दारू यांच्या उल्लेखांवरून प्राचीन भारतात अग्न्यस्त्रे होती असा निष्कर्ष काढला. हेच उल्लेख पुढे ग्रंथ अर्वाचीन असल्याचा पुरावा म्हणून वापरले गेले. काहींनी तो मध्ययुगात टाकला. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ मध्ये तो एकोणिसाव्या शतकातला असल्याचे प्रतिपादन केले. प्रशासनविषयक तरतुदींचे ईस्ट इंडिया कंपनीच्या नियमांशी असलेले साम्य हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. तरी निवृत्तीपुरते बोलायचे तर सेवेची वर्षे मोजून अर्धे वेतन देण्याची पद्धत कंपनीच्या कारभाराला जितकी जवळची आहे तितकी ती ज्ञात प्राचीन व्यवस्थांना नाही. वचनाचा आधार जपून घ्यावा हे बरे.

मराठेशाहीत वतन वंशपरंपरेने चालत असल्याने पद सोडण्याचे वय ठरवण्याची गरज फारशी नव्हती. बापानंतर मुलगा काम पाही. लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ची नेमणूक करून दिली जाई. तिचा संबंध वयाशी नसून मृत्यूशी आहे.

आधुनिक उगम : जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने स्वतःच्या वयावरून ६५ ही मर्यादा ठरवली, ही कथा बरीच पसरलेली आहे, पण ती चुकीची आहे. १८८९ च्या जर्मन कायद्यात वृद्धत्ववेतनाचे वय ७० होते, ते १९१६ मध्ये ६५ वर आले, आणि कायदा झाला तेव्हा बिस्मार्क ७४ वर्षांचा होता. ब्रिटनच्या १९०८ च्या कायद्यातही वय ७० च होते.

हिंदुस्थानातील सनदी सेवेत आधी वयापेक्षा सेवाकाळ मोजला जाई. आय. सी. एस. (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकाऱ्याला २५ वर्षांनी (त्यांपैकी २१ प्रत्यक्ष कामाची) वर्षाला १,००० पौंड निवृत्तिवेतन मिळे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लागलेला माणूस पन्नाशीच्या आत मोकळा होई. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांपैकी (सरकारी नोकरांच्या सेवाशर्तींचे ‘फंडामेंटल रूल्स’) छप्पन्नाव्या नियमाने ५५ हे वय सर्वसाधारण केले. उष्ण हवामानात युरोपीय माणूस लवकर थकतो हे त्याचे कारण दिले जाते. परंतु हिंदी कारकुनांनाही तेच वय का लागू झाले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. केंद्राने हे वय १ डिसेंबर १९६२ पासून ५८ आणि पाचव्या वेतन आयोगानंतर १९९८ मध्ये ६० केले. प्रत्येक वेळी आयुर्मान वाढल्याचा दाखला दिला गेला. १९४१–५१ या दशकात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते खरे, पण तो आकडा मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आलेला होता. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा माणूस पुढे किती जगेल हे त्यावरून कळत नाही.

राज्यांचे आकडे एकसारखे नाहीत. केरळात २०१२ पर्यंत वय ५५ होते, मग ५६ झाले. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८३ मध्ये ते ५८ वरून ५५ वर आणले, तेव्हा तरुण बेकारांना जागा मिळतील हे कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने के. नागराज प्रकरणात हा निर्णय वैध ठरवला, पण सरकारने पुढे तो स्वतःच फिरवला. त्याच राज्यात २०२२ पासून हे वय ६२ आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार सर्वसाधारण वय ५८ आणि चतुर्थ श्रेणीसाठी ६०. सर्वांना ६० करावे ही अधिकारी संघटनांची जुनी मागणी आहे. (‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी शिपायाला ही दोन वर्षे जादा का दिली, असा प्रश्न कचेरीत गमतीने विचारला जातो.) दुसरीकडे नोकरीत शिरण्याची कमाल मर्यादा २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८, तर मागासवर्गीयांसाठी ४३ झाली. अडतिसाव्या वर्षी लागलेल्याच्या वाट्याला वीस वर्षांची सेवा येते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी अंशदायी (स्वतःच्या वेतनातून वर्गणी भरण्याची) निवृत्तिवेतन योजना आल्यावर ही उशिराची सुरुवात महाग पडू लागली, कारण साठणारी रक्कम वर्षांवर अवलंबून असते.

जन्मतारखेचा प्रश्न : कर्मचारी कोणत्या दिवशी घरी जाणार हे सेवापुस्तकातील जन्मतारीख ठरवते. प्रचलित नियमाने तो वय पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कार्यालय सुटल्यावर निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. माणसाचे वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मध्यरात्री पूर्ण होते, हे यामागचे तत्त्व. प्रभू दयाल सेस्मा प्रकरणात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने ते भरतीच्या वयालाही लावले : २ जानेवारी १९५६ चा जन्म असलेला उमेदवार १ जानेवारी १९८४ रोजीच अठ्ठावीस वर्षांचा झाला, असा निर्णय झाला.

महाराष्ट्रात या नियमाला एक खास परिणाम लाभला आहे. जन्मनोंद नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख लावून देत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि वय त्या हिशेबात बसवायचे असे. अशी माणसे ३१ मे रोजी निवृत्त होतात. साहजिकच त्या दिवशी तालुक्याच्या कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. खरी तारीख श्रावणातली किंवा ‘मोठ्या पुरानंतरची’ असल्याचे आई सांगत असली, तरी चूक दुरुस्त करण्याचा अर्ज सेवेत आल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. निवृत्तीच्या तोंडावर आलेले दावे न्यायालये सहसा ऐकत नाहीत (हरनाम सिंग प्रकरण, १९९३). लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मवर्षाचा, १९५० की १९५१ हा वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. याचिका मागे घेतली गेली आणि १९५० हेच वर्ष धरून ते निवृत्त झाले. तो दिवसही ३१ मेच होता.

वेतनवाढ १ जुलैला मिळत असताना ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचा एक वेगळा तंटा होता. वर्षभर काम करूनही एका दिवसाने वेतनवाढ हुकत असे. ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देय ठरवली.

स्त्रिया : पुरुषांचे वय सेवेवर आणि स्त्रियांचे लग्न-बाळंतपणावर मोजण्याची रीत नियमांतही होती. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, सेवेत आल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी सेवा सोडावी लागे. नर्गेश मिर्झा प्रकरणात (१९८१) गरोदरपणाची अट रद्द झाली. लग्नाची मात्र टिकली. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी या नियमावर सी. बी. मुथम्मा प्रकरणात (१९७९) न्यायालयाने कडक ताशेरे ओढले होते.

इतर सेवा : उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ (१९६३ पूर्वी ६०), सर्वोच्च न्यायालयाचे ६५. सैन्यात वय हुद्द्यानुसार बदलते. खाजगी क्षेत्रात कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ चे वय ५८ असून पन्नाशीनंतर कमी दराने वेतन घेता येते. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयातील नाकरा प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ रोजी मान्य झाले. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

कामाच्या आरंभाचे किमान वय हा या विषयाचा दुसरा भाग. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात ते ७, १८९१ मध्ये ९ आणि १९४८ मध्ये १४ झाले.

शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले यांना नियत वयोमान नाही. राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांपासून लागू होते. तिच्या नावात निवृत्तिवेतन असले तरी लाभार्थ्याने कोणतीही सेवा केलेली असावी अशी अट नाही. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे.